गडग्यावरची बाहुली

काकूंचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये कमरेएवढा गडगा आहे. त्याच्यावर सकाळी काकूंची कोकमं सुकतात, दुपारी आमच्या उश्या ऊन खातात आणि साडेचार वाजले की काकूंची कोपरं येऊन टेकतात. गावात काय घडलं ते पेपरात छापून येण्याआधी या गडग्यावर येतं. खरंच असतं असं नाही, पण आधी येतं.

परवा काकू आल्या त्या आवाज खाली करूनच. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या या बाईचा आवाज एरवी तीन घरं ओलांडून जातो. तो खाली आला की समजावं, बातमी मोठी आहे.

"ऐकलंस का? बाजारपेठेत खेळण्यांच्या दुकानात दोन माणसं आली होती. सगळी खेळणी उलटीपालटी करून बघितली आणि दोन खोकी भरून घेऊन गेली."

"पैसे न देता?"

"अगं, सरकारी माणसं ती! आयएसआयचा शिक्का शोधत होती. ज्याच्यावर नाही ते जप्त." मग आणखी थोड्या पुढे वाकून म्हणाल्या, "म्हणतात, आता घरी शिवलेल्या बाहुलीलासुद्धा शिक्का लागणार. तुझं काय गं?"

माझं काय, ते सांगायला हवं. मी बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, मोहरीची उशी, पाळण्यावर टांगायचं चिमणाळं, आणि गेली तीन वर्षं चिंध्यांच्या व क्रोशाच्या बाहुल्या. साडेतीनशे रुपयांना एक. पुण्याच्या एका दुकानाने नुकतीच दोनशे बाहुल्यांची ऑर्डर दिली होती आणि त्यातल्या चाळीस तयार होऊन माजघरात टोपलीत बसल्या होत्या, बटणांचे काळेभोर डोळे करून. तेव्हा काकूंच्या त्या 'तुझं काय' मुळे माझ्या पोटात गोळाच आला.

"शिक्का कुकरला असतो काकू, गिझरला असतो. बाहुलीला कुठे मारणार? पाठीवर?"

तेवढ्यात मागच्या दारातून बायो आली. बायो म्हणजे काकूंची लेक, न्यू जर्सीत असते, सध्या माहेरपणाला आली आहे. कडेवर दीड वर्षाची छोटी आणि छोटीच्या तोंडात मी बारशाला पाठवलेली बाहुली, डोळ्यापर्यंत आत.

"आई, तू निम्मं ऐकतेस आणि पाऊणपट सांगतेस," बायो म्हणाली. "वहिनी, घाबरू नका. थांबा, बघूया."

आणि तिने फोनवर तो सरकारी आदेशच काढला. मीही चष्मा आणून वाचला, कारण दुसऱ्याच्या तोंडून कायदा ऐकणं आणि दुसऱ्याच्या हातून मीठ घालून घेणं, दोन्हींत अंदाज चुकतो. आदेश २५ फेब्रुवारी २०२०चा निघाला. आधी तो त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता, पण तेव्हा करोनाने सगळं जगच बंद होतं. मग १ जानेवारी २०२१पासून झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली कुठलीही वस्तू म्हणजे खेळणं. ती आणखी कशासाठी वापरता येत असली तरी खेळणंच. त्यावर आयएसआयचा शिक्का हवा, आणि शिक्का मिळवायचा तर साध्या खेळण्याने 'आयएस ९८७३' या मानकाच्या चाचण्या पार करायच्या. सेलवर किंवा विजेवर चालणारं असेल तर त्याला 'आयएस १५६४४'.

"नाहीतर?" काकूंना नेहमी शेवट आधी हवा असतो.

"नाहीतर २०१६च्या कायद्याने पहिल्या वेळी कमीत कमी दोन लाख रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद."

मी मनातल्या मनात भागाकार केला. दोन लाख म्हणजे पावणेसहाशे बाहुल्या. तेवढ्या आयुष्यात माझ्या हातून अजून झालेल्या नाहीत. म्हणजे दंड भरण्यासाठी आधी गुन्हा वाढवायला हवा.

"पण झबलं खेळणं नाही," मी म्हटलं. बुडत्याला काडी.

"झबलं नाही, दुपटं नाही. बाहुली हो."

"आणि चिमणाळं? त्याच्याशी बाळ खेळत कुठे? नुसतं बघतं."

"बघता बघता हातपाय नाचवतं ना? मग खेळणंच," काकूंनी निकाल देऊन टाकला. ही बाई न्यायाधीश झाली असती तर कोर्टात एक खटला तुंबला नसता.

मग बायोने खाली सरकवत सरकवत डिसेंबर २०२०ची दुरुस्ती काढली, आणि तिथे माझा श्वास परत आला. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयात हस्तकला विकास आयुक्तांचं कार्यालय असतं. तिथे कारागीर म्हणून ज्याची नोंद आहे, त्याने बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना हा आदेश लागू नाही. भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांनाही नाही, नोंदणी असलेल्यांनीच ती केली असतील तर. म्हणजे चन्नपट्टणचा लाखेचा भोवरा सुटला आणि कोंडापल्लीची लाकडी बाहुली सुटली. सावंतवाडीच्या चितारआळीत पाटावर बसून लाकडी आंबे-केळी रंगवणाऱ्या माणसाकडे ते कारागिराचं ओळखपत्र असेल, तर तोही सुटला.

"झालं तर मग!" काकू म्हणाल्या. "तू कारागीर आहेस की."

"मी? मी कुठे कारागीर?"

"मग कोण आहेस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं सुई धरून उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय, पण बँकेचा फॉर्म असो की मुलाच्या शाळेचा, 'व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहीत आले. जनगणनेला आलेल्या मास्तरांनी विचारलं तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्या देखत सांगितलं होतं, "ती काही करत नाही, घरीच असते." तेव्हा मी आतल्या खोलीत एका कुंचीला गोंडे लावत होते. सुताराला कोणी विचारत नाही, तो कारागीर आहे का म्हणून. बाईच्या शिवणटिपणाला मात्र 'आवड' म्हणतात. आणि कायदा सूट देतो ती आवडीला नाही, नोंदीला.

"करून टाका नोंद," बायो म्हणाली. "पहचान कार्ड म्हणतात त्याला. बाहुल्या-खेळणी हा हस्तकलेतला धरलेलाच प्रकार आहे. पण वहिनी, एक गोम आहे. इथे लिहिलंय, कारागिराने 'बनवलेला आणि विकलेला' माल. तुमच्या त्या पुण्याच्या दुकानाने स्वतःचा टॅग लावून विकला तर?"

दुकानाने नेमकं तेच कळवलं होतं. 'टॅग आमचा लागेल, तुमचं नाव कुठे नको.' तेव्हा मला त्यात फक्त अपमान दिसला होता. आता त्यात दोन लाख रुपयेही दिसायला लागले.

काकूंना यात वेगळाच वास आला. "हे सगळं चिनी माल अडवायला केलंय. मी सांगते तुला."

अगदीच खोटं नाही ते. आदेश निघाला त्याच फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर नेलं होतं, आणि २०२३मध्ये सत्तरवर. पण नुसती व्यापाराची खेळीही नव्हती. आदल्या वर्षी, २०१९मध्ये, भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीच्या बाजारातून १२१ खेळणी उचलून तपासली आणि त्यांतली जवळजवळ ६७ टक्के नापास झाली. शंभरातली सदुसष्ट! आमच्या शाळेत एवढी मुलं नापास झाली असती तर मास्तरांची बदली झाली असती. बाहेरून आलेला तो माल होता, माझा नव्हता, हे खरं. पण जाळं टाकलं की त्यात बांगडा येतो तशी करलीही येते.

"तुमच्या अमेरिकेत नाही ना असलं काही?" मी बायोला विचारलं. ही माझी चूक. बायोने छोटीला खाली सोडलं, गडग्याच्या सपाट दगडावर बसकण मारली आणि म्हणाली, "वहिनी, चहा टाका. हे तिथूनच सुरू झालंय."

तिने सांगितलेलं सगळं असं. २००७ साली तिकडे मॅटेलसारख्या बड्या कंपनीला लाखो खेळणी परत मागवावी लागली. चीनमध्ये बनलेली, आणि त्यांतल्या बऱ्याच खेळण्यांच्या रंगात शिसं. लोक खवळले. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट २००८ला, अध्यक्ष बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. मुलांच्या कुठल्याही वस्तूत शिशाचं प्रमाण आधी दहा लाख भागांत सहाशेच्या वर नको, मग तीनशेच्या, आणि २०११पासून शंभरच्या वर नको. शंभर म्हणजे किती, तर दहा किलो पिठात एक ग्रॅम. रंगाच्या थरात तर त्याहूनही कमी, नव्वद.

"चांगलंच आहे की," काकू म्हणाल्या. "शिसं पोटात गेलं तर पोराच्या डोक्यावर परिणाम होतो. एकदा गेलेली बुद्धी परत येत नाही."

"कायदा चांगलाच, आई. पण तो लिहिला होता कारखान्यासाठी आणि लागला सगळ्यांना. कारखाना एका साच्यातून लाखभर बाहुल्या काढतो, चाचणीचा खर्च त्या लाखात वाटून टाकतो. तिथे घरात बसून बाहुल्या शिवणारी बाई एका प्रकारच्या दहा करते. झग्याला चार रंगांचं कापड, दोन बटणं, एक चेन. प्रत्येकाची वेगळी चाचणी म्हटल्यावर बाहुली चाळीस डॉलरची आणि चाचणी शेकड्यांत. कायदा लागू व्हायचा दिवस होता १० फेब्रुवारी २००९. या लहान लोकांनी त्या दिवसाचं नावच ठेवलं होतं, राष्ट्रीय दिवाळखोरी दिन."

हे नाव काकूंना भलतंच आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. आता आमच्या बचत गटाच्या पुढच्या सभेला ते निघणार हे मी तेव्हाच ओळखलं.

जुन्या पुस्तकांची गंमत त्याहून मोठी. छापायच्या शाईत पूर्वी शिसं असायचं, म्हणून १९८५च्या आधी छापलेली मुलांची पुस्तकं काही जुन्या दुकानांनी विक्रीतून काढूनच टाकली. पुस्तक चाटून वाचणारं मूल किती लहान असतं आणि त्याला वाचता कितपत येतं, हा प्रश्न मला पडला, पण मी विचारला नाही. मग लहान कारागिरांनी एकजूट केली, आरडाओरडा केला, आणि सरकार थोडं थोडं वाकलं. दहा तारीख यायच्या आधीच चाचणीची सक्ती वर्षभर पुढे ढकलली. साधं लाकूड, सुती कापड, लोकर, रेशीम यांत शिसं नसतंच, म्हणून त्यांना चाचणीतून वगळलं. २०११च्या ऑगस्टमध्ये कायदाच दुरुस्त केला. वर्षाची उलाढाल, तेव्हाच्या हिशेबाने, दहा लाख डॉलरांच्या आत आणि एका प्रकारचे नग साडेसात हजारांच्या आत असतील, तर तुम्ही 'लहान खेप' करणारे. दर वर्षी नोंद करायची, आणि बऱ्याच बाहेरच्या चाचण्या माफ.

"बऱ्याच म्हणजे सगळ्या नाहीत," बायो म्हणाली. "रंगातलं शिसं आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातले सुटे होणारे बारीक तुकडे, यांना माफी नाही. कितीही लहान असा."

बायोही तिकडे गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर बाळाच्या गोधड्या विकते. तिच्या आजीच्या लुगड्यांच्या. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात पट्टी शिवावी लागते: कोणी केली, कुठे, कधी, कुठल्या खेपेतली. "आता आजीच्या लुगड्याचा खेप क्रमांक काय लिहू? मी 'इंदुरी, हिरवं, एक' असं लिहिते." वर गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं लागतं की ही जमिनीवर अंथरा, पाळण्यात घालू नका. तिकडचे बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर पाळण्यात उशी, पांघरूण, मऊ खेळणं काहीच ठेवू देत नाहीत. पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ गाद्यांवर तर २०२२मध्ये कायद्यानेच बंदी आली.

"आणि मोहरीची उशी?" मी विचारलं.

"नावही काढू नका, वहिनी."

मोहरीची उशी हे माझं सगळ्यात खपणारं कलम. मी गप्प बसले. काकूही गप्प बसल्या, कारण बायोचं स्वतःचं डोकं त्यांनी मोहरीच्या उशीवरच गोल केलेलं आहे आणि ते त्या येईल-जाईल त्याला दाखवतात.

एवढ्यात छोटीने बाहुली तोंडातून काढली आणि काकूंनी, बोलता बोलता, सवयीने, तिच्या तोंडात बोट फिरवून बघितलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर काळ्या दोऱ्याचा एक तुकडा होता. माझ्या बाहुलीच्या डोळ्याचा. बटण अजून जागेवर होतं, पण एका टाक्यावर लोंबत होतं.

त्यानंतर काकू जे बोलल्या ते गप्पांतलं नव्हतं. दवाखान्यातलं होतं. नाकात घातलेला चिंचोका दोन दिवसांनी फुगतो तेव्हा काय होतं. घशात अडकलेला मणी गोल असेल तर तो बाटलीला बूच बसावं तसा का बसतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात काय काय यायचं. बोरन्हाणाला आपण सव्वा वर्षाच्या पोराला काळं झबलं घालतो, हलव्याचे दागिने घालतो, डोक्यावर बोरं, चुरमुरे, हरभरे ओततो, आणि सगळ्या बायका फोटो काढत असतात तेव्हा पोर त्यातलं काय उचलून तोंडात घालतंय ते कोणी बघत नाही. "एका आईने मला सांगितलं होतं, 'सिस्टर, पण हलवा घरी केलेला होता.' जसं काही घरचा हलवा घशात अडकत नाही!"

मी लोंबतं बटण बघत होते. माझ्याही तोंडावर तेच वाक्य आलं होतं: पण मी घरी शिवलेलं आहे.

"ते मापायचं एक नळकांडं असतं," बायो म्हणाली. "बहुतेक देशांत सारखंच. आतून ३१.७ मिलिमीटर रुंद, तळ तिरका. एका बाजूला एक इंच खोल, दुसऱ्या बाजूला सव्वादोन. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली की तीन वर्षांखालच्या मुलाला नापास. पोराचा घसा समजा."

असलं नळकांडं गावात कुठे मिळणार? पण काकांनी, म्हणजे काकूंच्या ह्यांनी, आयुष्यात काही फेकलेलं नाही. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी फडताळात होती. आतून साधारण तेवढीच रुंद. आत जायफळ ठेवलेलं. ते काढलं आणि आम्ही तिघींनी गडग्यावर प्रयोगशाळा मांडली. माझं बटण गेलं. चिमणाळ्याचं घुंगरू गेलं, तीन तीन मावली. चिंचोका, कवडी, सागरगोटा, सगळे गेले. सागरगोटा आत पडताना काकूंना वाईट वाटलेलं दिसलं. त्या अजून डाव खेळतात आणि चिडतात. चिमणाळ्यातली कापडी चिमणी मात्र अर्धी बाहेर राहिली. मी एवढी खूश झाले की चहा उतू गेला.

"थांबा," बायो म्हणाली, "चिमणी पास, पण दोरी? दीड वर्षाच्या आतल्या बाळाच्या खेळण्याला युरोपात २२ सेंटिमीटरहून लांब दोरी चालत नाही, आमच्याकडे फूटभराच्या आत हवी. आणि पाळण्यावर टांगलेलं असेल तर बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की ते काढून टाका, असं खोक्यावर छापावं लागतं."

माझ्या चिमणाळ्याची दोरी हातभर. गळ्यात अडकायला ऐसपैस. कुंचीच्या गळ्याच्या नाड्यांचंही तेच. युरोपात सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या टोपीला, गळ्याला नाडीच चालत नाही. कुंचीला नाडी नको तर काय, गोंद लावायचा? त्यावर काकूंनी मागे चुटपुटं बटण, तेही ओढल्यावर पटकन सुटणारं, असा तोडगा काढला. कपड्याच्या नाड्यांबद्दल इथला आदेश काही म्हणत नाही, पण एकदा डोळ्यांपुढे नळकांडं आलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. काल मी भाजी घेताना घेवड्याच्या दाण्याकडे संशयाने बघितलं.

रंगाचं लवकर आटपलं. माझ्या बाहुल्यांना रंग नाही, कापड सुती. लाकडी बैल रंगवणाऱ्यांनी मात्र डबा बघून घ्यावा. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत नव्वदच्या वर नको, हा नियम आपल्याकडेही नोव्हेंबर २०१७पासून आहे. पण बिनलेबलाचा सुटा पिवळा आणि लाल रंग बाजारात मागाल तेवढा मिळतो.

खरी मजा ओढून बघायच्या चाचणीत आली. अमेरिकेत दीड वर्षाच्या वरच्या मुलाचं खेळणं असेल तर डोळा, नाक, बटण, जे काही पकडता येतं ते पंधरा पौंडांनी ओढतात. म्हणजे पावणेसात किलोंच्या थोडं वर. पाच सेकंदांत हळूहळू वजन वाढवायचं आणि मग दहा सेकंद धरायचं. आपल्या मानकातही ओढून बघणं आहेच.

"पावणेसात किलो?" मी ओरडलेच. "एवढं कुठलं पोर ओढतं?"

"दोन पोरं एका बाहुलीवर भांडताना बघितलीयस का?" काकू म्हणाल्या आणि विहिरीवरची बादली घेऊन आल्या. बादली अर्धा किलोची, म्हणून सव्वासहा लिटर पाणी आणि वर पेलाभर. टोपलीतली एक बाहुली मी आणली, मनात तिची क्षमा मागून. चिकूच्या फांदीला तिला काखेतून बांधलं, डोळ्याच्या बटणाखाली सुतळीचा फास घातला आणि खाली बादली. बायो तांब्याने पाणी ओतत होती. काकू दवाखान्यातली नाडी मोजत असाव्यात तशा घड्याळाकडे बघत होत्या. समोरून जाणारा पोस्टमन सायकलवरून उतरला आणि कोणाचं काय बिनसलंय ते विचारायचं धाडस न झाल्याने परत चढला.

तीन लिटरला काही नाही. चार लिटरला बटण टुणकन उडालं, बादली खाली, पाणी सगळं छोटीच्या अंगावर. ती हसली. मी नाही हसले. ते बटण मी दुहेरी दोऱ्याने, चार वेळा, गाठ मारून लावलं होतं.

मग दुसरी बाहुली. हिचे डोळे मी तिथेच गडग्यावर बसून उसवले आणि रेशमाने भरले: काळा भरीव टाका, मध्ये पांढरा एक ठिपका. भरलेल्या डोळ्यात पकडायलाच काही नाही, म्हणून सुतळी क्रोशाच्या नाकाला बांधली. हे नाक वेगळं लावलेलं नाही, विणतानाच चेहऱ्यातून वर उचललेलं. चार लिटर, पाच, सहा, बादली भरली. काकूंनी मोठ्याने दहा आकडे मोजले. नाक हललं नाही. पण एवढ्या वेळात बाहुलीची मान मात्र ताणत ताणत वीतभर झाली होती, जिराफासारखी.

"नाक पास," काकू म्हणाल्या, "मान बघ बाई तुझी."

मान तुटली नव्हती, शिवण उसवली नव्हती, कापूस बाहेर आला नव्हता. बायोच्या मते त्या चाचणीत दिसण्याला गुण नसतात. छोटीने तिथल्या तिथे जुनी बाहुली टाकली आणि ही लांब मानेची उचलली. मानेला धरून ती बरोबर फरफटत नेता येते, हे तिला आमच्याआधी कळलं. जुनीचं लोंबतं बटण काकूंनी दाताने तोडलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

त्या रात्री मी उरलेले सत्त्याहत्तर डोळे उसवले. त्यातल्या एकोणतीसांखाली काळ्या दोऱ्याचे दोनच वेढे होते, चार नव्हते. दिवाळीच्या घाईतल्या असणार त्या. हे मी काकूंना सांगितलेलं नाही.

दुकानाला फोटो पाठवला आणि लिहिलं, डोळे आता भरलेले असतील आणि टॅगवर माझं नाव असेल, कारागीर म्हणून, नोंद झाली की मग माल देईन. तासाभराने उत्तर आलं: 'बटणंच ठेवा ना, फोटोत चमकतात.' मी परत लिहिलं, नाही. त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही.

सकाळी कोकमं पसरायला काकू आल्या तेव्हा मी पहचान कार्डाचा फॉर्म भरत पायरीवर बसले होते. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं होतं.

"आलं का पुण्याचं उत्तर?"

"नाही अजून."

"येईल नाहीतर नाही येणार. मोहरीच्या उशीचं काय ठरवलंस?"

"तेही नाही अजून."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि निघता निघता वळल्या. "माझी बादली कुठाय गं? कडी वाकवलीस ना तिची?"